नाक्यावरचा मजूर आणि ९० दिवसांचा दाखला
'बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठीच्या सरकारी मंडळात नोंदणी केली की बेघर मजुरांचा प्रश्न सुटेल', असं काहीजण म्हणतात. गाडी अडते ती त्याच्याही आधी. या मंडळाच्या नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरचा माणूस वर्षभरात वीसेक मुकादमांकडे राबतो. कोणाकडे चार दिवस, कोणाकडे दोन. दाखल्यावर सही कोण करणार? ठेकेदार तर टाळणारच, कारण सही म्हणजे 'हा माझा कामगार' अशी लेखी कबुली. मग मजुरी, अपघात, सगळंच अंगाशी येतं. अशा वेळी पालिकेकडे दाखला मागावा. सोबत कामाच्या तारखा, जागा आणि मुकादमाचा नंबर टिपलेली वही असली तर नुसत्या तोंडी सांगण्यापेक्षा बरी.

निवाऱ्याचंही तेच. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याच्या कलम ३४ ने काम चालू असेपर्यंत फुकट तात्पुरतं घर, वेगळी स्वयंपाकाची जागा, न्हाणी आणि संडास ही जबाबदारी मालकावर टाकली. काम संपलं की ती झोपडी पाडायचीही त्यानेच! नंतर तो मजूर कुठे झोपतो, यावर कलम गप्प. तिथून पुढे पालिकेचं काम: शहराच्या दर लाख लोकसंख्येमागे बेघरांसाठी एक निवारा, माणशी ५० चौरस फूट, तोही बारमाही. फक्त थंडीपुरता उघडलेला हॉल त्यात मोजू नये.