मदत हवी आहे: जलाशयातल्या माशांचा आकडा फुगतोय का?

मंडळी, एका जलाशयात गळाने पकडल्या जाणाऱ्या बास माशांची संख्या काढतोय. पहिल्या फेरीत ८४ मासे पाठीच्या पराखाली टॅग टोचून सोडले. दोन आठवड्यांनी ६० मिळाले, त्यात टॅगवाले फक्त ७. टॅगवाल्यांचं हेच प्रमाण अख्ख्या जलाशयात धरलं तर साधा हिशेब ८४ × ६० ÷ ७, म्हणजे ७२०. चॅपमनची दुरुस्ती (थोडेच टॅगवाले सापडले तर आकडा फुगू नये म्हणून तिन्ही संख्यांत १ मिळवून शेवटी १ वजा करायचा) लावली की ६४७.

अडचण अशी की उरलेल्यांपैकी तिघांच्या पाठीवर टॅगच्या जागी नुसतं भोक होतं, कडेला लालसर सूज. त्यांना टॅगवाले धरायचं का? धरले तर चॅपमनने आकडा थेट ४७० वर येतो! तीन माशांनी एवढा फरक.

शिवाय एकदा गळाला लागलेला मासा परत आमिषाकडे फिरकत नसेल, तर खूणवाले कमी सापडणार आणि संख्या उगाच जास्त दिसणार. मग दुसरी फेरी गळाऐवजी जाळ्याने करावी का? गिल नेट (कल्ल्यांपाशी मासा अडकवणारं जाळं) नको, त्यात मासे मरतात आणि ठराविक आकाराचेच अडकतात.

टॅगसोबत पराचं टोकही कापलं तर टॅग गळला तरी खूण राहील, असं वाटतं. कुणी केलंय का? कापलेला पर ओळखू न येण्याइतका भरायला साधारण किती दिवस लागतात?