मदत हवी आहे : नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र असूनही बँक मुदत ठेव मोडू देत नाही

पारिजात : आईने चार वर्षांपूर्वी माझ्या नावे कुलमुखत्यारपत्र करून दिले असून ते दुय्यम निबंधक कार्यालयात रीतसर नोंदवलेले आहे. आजवर त्याच्याच आधारे मी तिचे बँकेचे सर्व व्यवहार केले; परंतु मुदत ठेव मोडायला गेले तेव्हा अधिकाऱ्यांनी पहिले पानही न उलटता ते परत केले. बँकेला ते मानावेच लागेल अशी नोटीस कशी लिहावी, एवढेच मला हवे आहे. दोन हेलपाटे झाले आहेत, कृपया लवकर सांगा.

आडवाट : ठेव मुदतीआधी मोडण्याचा अधिकार पत्रात स्पष्ट शब्दांत दिलेला आहे का? असे अधिकार काटेकोरपणे वाचले जातात. माझ्या वडिलांच्या पत्रात 'खाते चालवणे' एवढेच लिहिलेले असल्यामुळे आम्हाला नवे पत्र करावे लागले होते.

सांजवेळ : त्यापेक्षा आईंकडून राहत्या घराचे बक्षीसपत्र करून घ्या. आम्ही तेच केले आणि पुढचे सगळे वाद टळले.

आडवाट : घराबद्दल त्यांनी विचारलेलेच नाही.

उत्तरायण : पारिजातताई, नकाराचे कारण काय सांगितले? आणि आईंची प्रकृती कशी आहे? सारे उत्तर त्यावरच अवलंबून आहे.

पारिजात : आई गेल्या महिन्यात गेली. तिच्या शेवटच्या आजारपणातले रुग्णालयाचे देणे बाकी आहे, म्हणून तर ठेव मोडायची आहे. ठेवीवर नॉमिनी धाकटा भाऊ आहे. पण आईने मृत्युपत्रात ती मला दिली आहे. ते वहीच्या दोन पानांवर तिच्याच हाताने लिहिलेले आहे. शेवटच्या ओळीत अक्षर थोडे कापलेले दिसते, पण सही स्वच्छ आहे. खाली दोन साक्षीदार आहेत, त्यांतील एक आता हयात नाहीत. नोंदणी केलेली नाही.

उत्तरायण : आईंबद्दल ऐकून वाईट वाटले. ताई, नोटीस पाठवू नका, कारण भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 201 प्रमाणे अधिकार देणारी व्यक्ती निवर्तली की तिने दिलेला मुखत्यारीचा अधिकारही संपतो, आणि नोंदणीमुळे त्यात फरक पडत नाही. तुमच्या बाबतीत बँकेचे बरोबर आहे. ठेवीची रक्कम ती नॉमिनीला देईल. मात्र तेवढ्याने भाऊ मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली बँक ठेवींबाबतच स्पष्ट केले आहे. मालकी मृत्युपत्राप्रमाणे ठरेल.

सांजवेळ : नोंदणी नसलेल्या मृत्युपत्राला न्यायालयात काहीही किंमत नसते.

आडवाट : हे साफ चुकीचे आहे, आणि अशा सांगण्यामुळे लोक हक्क सोडून देतात. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 63 ला किमान दोन साक्षीदार लागतात, आणि त्यांनी एकाच वेळी हजर असणेही आवश्यक नाही. मृत्युपत्र सिद्ध करताना त्यांतील एकाची साक्ष पुरते. पारिजात, हयात साक्षीदारांचे वय काय आहे?

पारिजात : शेजारच्या काकू आहेत, ऐंशीच्या पुढच्या. आणखी एक सांगायचे राहिले. आई गेल्यानंतर चौथ्या दिवशी मी कुलमुखत्यारपत्रावर तिच्या बचत खात्यातून रुग्णालयाला काही रक्कम दिली. पावती माझ्याजवळ आहे. यात माझी काही चूक झाली का?

उत्तरायण : तो अधिकार तेव्हा उरलेला नव्हता, त्यामुळे ही गोष्ट लपवू नका, पावतीची प्रत आजच भावाला द्या आणि बँकेलाही लेखी कळवा. त्याच 1925 च्या अधिनियमाचे कलम 320 अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि शेवटच्या आजारातील वैद्यकीय खर्च इतर देण्यांच्या आधी फेडायला सांगते, तेव्हा उरलेले देणे ठेवीतून आधी भागवण्याबाबतही त्याच्याशी बोला. तो तयार नसेल, तर रक्कम त्याच्या हाती जाण्यापूर्वीच वकिलामार्फत न्यायालयाकडून मनाई मागावी लागेल. नुसत्या अर्जावर बँक थांबेलच असे धरून चालू नका. मूळ मृत्युपत्र कोणाच्याही हाती देऊ नका, आणि काकूंना काय आठवते ते वकिलाकडून प्रतिज्ञापत्रावर लवकर घ्या.

पारिजात : भावाशी आज रात्री बोलते. काकूंकडे सकाळी जाते.