देवाची भीती घालून राबवणं: जबरदस्ती की अंधश्रद्धा?

लातूरकर: नायजेरियातून मुलींना युरोपात नेऊन देहविक्रीला लावतात, आणि त्या पळू नयेत म्हणून आधी जुजूची, म्हणजे तिकडच्या देवदेवस्कीची, शपथ घालतात. काल एका ग्रुपवर वकील महाशयांनी लिहिलं, 'नायजेरियाच्या मुलींना युरोपात कुणी साखळीनं बांधलं नव्हतं. जुजूच्या शपथेला भ्यायल्या, तो त्यांचा अडाणीपणा.' डोकंच फिरलं. नायजेरियातल्या बेनिन शहरात पुजारी मुलीची नखं, केस, आतले कपडे ठेवून घेतो आणि वदवून घेतो: नेण्याचे पैसे फेडीन, पोलिसांत जाणार नाही, नाहीतर वेड लागेल. मग कुलूप कशाला लागतं? 2018 मध्ये बर्मिंगहॅमच्या कोर्टानं याच धंद्यातल्या लंडनच्या एका नर्सला दोषी धरलं. त्याच वर्षी मार्चमध्ये बेनिनचे राजे ओबा एवुआरे दुसरे यांनी या सगळ्या शपथा मोडीत काढून शपथ घालणाऱ्यांनाच शाप दिला. आपल्या तस्करीच्या कलमातही शपथेचं दडपण स्पष्ट लिहा.

काळा कोट: तो वकील मीच. भारतीय न्यायसंहिता उघडा. तस्करीच्या कलम 143 मध्ये 'इतर कोणतीही बळजबरी' आहे, पीडितेची संमती गैरलागू आहे. देवाच्या कोपाची भीती घालून काम करून घेण्याला कलम 354 आहे, म्हणजे इंग्रजांच्या काळच्या दंडसंहितेचं 508. अजून किती कलमं हवीत?

लातूरकर: 354 ला जास्तीत जास्त एक वर्ष कैद! आणि महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा धरतो तो अंगात आल्याचं सांगून धमकावणाऱ्याला. दलाल म्हणतो, 'माझ्या अंगात काय नाही, देव बघून घेईल.' झाला मोकळा.

बीडचा पोरगा: नायजेरिया कशाला? ऊसतोडीची उचल देताना मुकादमानं माझ्या चुलत्याला खंडोबापुढं भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली. फडावर चुलती तापानं फणफणली, कोपीत पडून होती. मुकादम म्हणाला, हंगाम संपल्यावर दवाखाना. चुलता गप. का, तर 'भंडारा उचललाय.' 1976 चा वेठबिगारी कायदा फडावर कधी पाहिला का कुणी?

धारूरकर: ए, तोंड सांभाळ. माझे वडील मुकादम होते. अर्धी टोळी उचल घेऊन दुसऱ्याकडं गेली. कारखान्याचं देणं आमच्या बोकांडी, रान विकलं. भंडारा नाही तर काय, स्टॅम्पपेपर? त्याला कोण भितंय?

बीडचा पोरगा: बगा! स्टॅम्पपेपरपेक्षा भंडाऱ्याची भीती मोठी, हे मुकादमाच्या घरूनच आलं.

धारूरकर: आलं तर आलं. पण माझ्या बापाला पोरी विकणाऱ्यांच्या पंगतीत बसवू नको.

परभणीची ताई: दादांनो, पोरींचं राहिलंच की. आपल्याकडं देवदासीबंदीचा पहिला कायदा 1934 चा, नंतर 2005 चा. तरी 'यल्लम्मा कोपेल' म्हटलं की बाई जबाब फिरवते. तोंड उघडलं तर आई मरेल, असं जिला वाटतं ती पिंजऱ्यात काय बोलणार? ओबांनी शपथ मोडली तेव्हा बायकांना धीर आला. तुमच्या कलमानं येईल?

लातूरकर: म्हणजे न्यायाधीशाऐवजी पुजारी आणायचा?

परभणीची ताई: आणा. आधी भीती काढा, मग उलटतपासणी घ्या.

काळा कोट: वा, आता खटल्याआधी गोंधळ घालू! बरं, आरोपपत्रात 143 सोबत 354 जोडायला माझी ना नाही. नवं कलम मात्र नको. आणि मुकादमासाठी वेगळा धागा काढा.

बीडचा पोरगा: वेगळा कामून?