पायाच्या नखाची बुरशी: आईला टी ट्री तेल लावू का?

केळशीची लेक
नमस्कार. आईबद्दल विचारायचंय. वय ६२. उजव्या अंगठ्याचं नख दोन वर्षांपासून पिवळं, जाड झालंय आणि कडेने भुसा पडावा तसं सुटतं. आता शेजारच्या जोडव्याच्या बोटालाही सुरुवात झालीये. लावणीचे पंधरा-वीस दिवस ती चिखलात उभी असते, चिखल्या दरवर्षीच्याच. त्यांना मेंदी वाटून लावते आणि त्या सुकतात. नखाला मात्र मेंदीने काही होत नाही, नुसतं लाल दिसतं. पुण्याहून वहिनीने टी ट्री तेलाची बाटली पाठवलीये, शेजारच्या काकू म्हणतात लवंगेचं तेल घाल. तिला दुखत नाही, पण गणपतीत माणसं आली की लुगड्याचा काठ पायावर ओढून बसते, ते मला बघवत नाही. कोणी खरंच लावून बघितलंय का? किती दिवसांत फरक पडतो?

खाडीपट्टा
बिब्बा तापवून टेकवा. आमच्याकडे टाचेच्या भेगांना तेच करतात.

माडबाग वेंगुर्ले
ताई, बिब्बा नखाजवळ नेऊ नका. माझ्या चुलत्यांना बिब्बा उतला होता, घोट्यापर्यंत फोड आले आणि महिनाभर चप्पल घालता आली नाही. नखाखाली गेला तर पुसूनही निघणार नाही.

टी ट्री तेल मी स्वतः चौदा महिने लावलंय, म्हणून सविस्तर लिहितो. बागेत शिपणं करताना पाटाच्या पाण्यात पाय, पावसात गमबूट, म्हणजे बोटं कधी कोरडीच नाहीत. अंगठा आणि करंगळी दोन्ही धरली होती. सुरुवातीला मीही लवंगेचं तेल घातलं. पंधरा दिवसांत नखाच्या मुळाशी कातडी भाजून पांढरी पडली. ते सोडलं आणि टी ट्री आणलं.

रात्री पाय धुवायचे, जुन्या धोतराच्या फडक्याने बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, नख कानशीने घासून पातळ करायचं. हे घासणं सगळ्यात महत्त्वाचं. जाड नखावर तेल वरच्यावर राहतं, बुरशी असते खाली. मग भोवतीच्या कातडीला खोबरेल आणि काडीला कापूस गुंडाळून टी ट्रीचा एक थेंब फक्त नखावर आणि त्याच्या कडेखाली. आये म्हणायची, "ह्यां काय लावलंस पायाक, घरभर औषदाचो वास!"

फरक कळावा म्हणून अक्षय्य तृतीयेला मी नखाच्या मुळाशी कानशीने एक बारीक रेघ मारली. गणपतीला मोजली तर जेमतेम सहा मिलिमीटर पुढे गेली होती. तेव्हा मला उमगलं की रोगट नख बरं होत नसतं. ते पुढे सरकत कापलं जावं लागतं आणि मागून चांगलं नख यावं लागतं. पायाचा अंगठा असेल तर त्याला वर्ष-दीड वर्ष जातं. दोन-तीन आठवड्यांत गुण येईल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

करंगळी साफ झाली. अंगठा अर्ध्यावर येऊन थांबला. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नखाचा तुकडा तपासायला पाठवला, बुरशीच निघाली. रक्तात यकृताची तपासणी करून बुरशीवरच्या टर्बिनाफाइनच्या गोळ्या दिल्या, रोज एक, बारा आठवडे. गोळ्या संपल्या तरी नख पूर्ण यायला पुढचा पावसाळा उजाडला. आता स्वच्छ आहे.

माझी एक चूक लिहून ठेवतो. पाय जपले, पण गमबूट तेच, आतून ओले. आता दोन जोड ठेवतो, एक चुलीपाशी वाळत असतो. आईंचं नेलकटरही वेगळं ठेवा.

औषधवाली चिपळूण
माडबाग यांचा अनुभव बरोबर वाटतो. टी ट्रीचा बुरशीवर परिणाम होतो, यात खोटं नाही. १९९४ साली ११७ रुग्णांवर सहा महिने शुद्ध टी ट्री तेल आणि क्लोट्रिमाझोल या बुरशीवरच्या औषधाचं द्रावण यांची तुलना झाली होती. दोन्हीकडे साठ टक्क्यांच्या आसपास लोकांच्या नखांत सुधारणा दिसली, पण तपासणीत बुरशी गेलेली आढळली ती तेलाने १८ टक्के आणि क्लोट्रिमाझोलने ११ टक्के लोकांचीच. तेल क्लोट्रिमाझोलच्या तोडीचं आहे, पण नखावर क्लोट्रिमाझोलच मुळात कमी पडतं. काउंटरवर मी हेच सांगते.

दुसरं असं की जाड, पिवळं नख म्हणजे बुरशीच असं नाही. सोरायसिस या त्वचेच्या आजारातही असंच दिसतं, ठेच लागून दुखावलेलं नखही जाड होतं. अशा नखाला वर्षभर बुरशीचं औषध लावून काय उपयोग? आधी तपासून घ्या. आईंना मधुमेह आहे का?

केळशीची लेक
हो, साखर आहे. सात वर्षं गोळ्या चालू आहेत. लिहायचं राहिलं, मला वाटलं नखाशी त्याचा काय संबंध.

औषधवाली चिपळूण
फार संबंध आहे, ताई. साखरेत पायाची जाणीव कमी होते. तेलाने भाजलं किंवा कानस लागली तर त्यांना कळणारही नाही, आणि छोटी जखम चिघळते. "दुखत नाही" हे तुम्ही लिहिलंत, त्याचीच मला जास्त काळजी वाटते. आधी डॉक्टर, आणि साखरेच्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या.

माडबाग वेंगुर्ले
मी वर कानशीचं लिहिलंय ते आईंसाठी करू नका. मला साखर नाही, म्हणून माझं निभावलं.

केळशीची लेक
आजच रात्री बॅटरी घेऊन तिचे तळवे नीट बघितले. डाव्या टाचेत बाभळीचा काटा मोडून राहिलाय, तिला पत्ताच नाही. सकाळच्या पहिल्या गाडीने दापोलीला नेतेय. तेलाची बाटली कपाटात ठेवली.