मदत हवी आहे: जादा पैशाचं वचन आणि प्रतिफल (इंग्लिश करार कायदा)

नमस्कार मंडळी,

पुण्यात एलएलबी करून आता लंडनमध्ये पुढचं शिकतेय. प्रतिफलाच्या (म्हणजे वचन बंधनकारक व्हायला बदल्यात जे द्यावं लागतं त्याच्या) एका मुद्द्यावर गाडी अडली आहे. इकडचा कायदा जाणणारं कोणी असेल तर कृपया सांगा.

१८०९ चा स्टिल्क विरुद्ध मायरिक खटला कळतो. बाल्टिकच्या सफरीत दोन खलाशी पळाले, बदली मिळेनात. कप्तान म्हणाला, जहाज लंडनला न्या, त्या दोघांचा पगार तुम्हाला वाटून देतो. परतल्यावर दिला नाही. कोर्टाचं म्हणणं, मुळात जे करायला बांधील होता तेच केलंत, मग प्रतिफल कुठलं? खलाशांसाठी जीव तुटतो, पण तर्क समजतो. १८५७ च्या हार्टली विरुद्ध पॉन्सनबीत ३६ पैकी १७ जण गेले, सफर धोक्याची झाली, म्हणून उरलेल्यांना जादा पैसे मिळाले. तेही पटतं.

अडतंय ते विल्यम्स विरुद्ध रॉफीपाशी. २७ फ्लॅटचं सुतारकाम २०,००० पौंडांत घेतलेलं. दर फारच कमी होता, सुतार अडचणीत आला. काम रखडलं तर आपल्याला दंड बसेल म्हणून ठेकेदाराने आपणहून आणखी १०,३०० पौंड कबूल केले, प्रत्येक पुऱ्या फ्लॅटमागे ५७५. काम तेच, तरी सुतार जिंकला, कारण ठेकेदाराला ‘व्यावहारिक फायदा’ झाला. मग जहाज घरी पोचल्याचा फायदा कप्तानाला झाला नव्हता का?

आणि कमी पैसे घेऊन उरलेलं सोडायचं वचन दिलं, तर हा फायदा का चालत नाही? आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ६३ खाली पाच हजारांच्या देण्यापोटी दोन हजार मान्य करून घेतले की देणं फिटतं. इकडे नाही!

प्रतिसाद:

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोर्टांच्या उतरंडीत आहे. रॉफी हा अपील कोर्टाचा निकाल. कमी पैसे घेऊन उरलेलं सोडायचं वचन बांधत नाही असं सांगणारा फोक्स विरुद्ध बिअर (१८८४) हाउस ऑफ लॉर्ड्सचा, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या कोर्टाचा; तो अपील कोर्टाला मोडता येत नाही. सिलेक्टमूव्ह प्रकरणात अपील कोर्टाने हेच सांगितलं.

कप्तानाचं म्हणाल, तर भर समुद्रात खलाशांनी अडवणूक करू नये ही तेव्हाची मोठी धास्ती होती. आता अडवणुकीसाठी आर्थिक दबावाचा वेगळा नियम आहे, त्यामुळे प्रतिफलाची चाळणी सैल करणं परवडतं. रॉफीत सुताराने दबाव आणलाच नव्हता, हे उत्तरात जरूर लिहा. २०१८ च्या रॉक ॲडव्हर्टायझिंग खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश लॉर्ड सम्प्शन म्हणाले की फोक्सच्या फेरविचाराची वेळ बहुधा आली आहे, पण तो मोठ्या पीठापुढेच. त्या खटल्यात मात्र त्याला हात लावला नाही.