विषय: मार्सेल: १०४ पायऱ्या आणि आईचा गुडघा (अर्जंट, आज रात्रीपर्यंतच)

श्वेता, सोमवार, संध्याकाळी ६.१०

नमस्कार मंडळी,
घाईत लिहितेय, फ्री कॅन्सलेशन आज रात्री बारापर्यंतच आहे. मंडळाच्या मार्सेल ट्रिपला फ्रोनलाइशनामच्या (इथल्या जर्मन सुट्टीच्या) चार दिवसांसाठी आमचे सहा जण, आई-बाबा, सासूबाई-सासरे आणि आम्ही दोघं. दोन फ्लॅट धरून ठेवलेत. एक सेंट शार्ल स्टेशनच्या त्या मोठ्या जिन्याच्या पायथ्याशी, लिफ्ट आहे, किचन बरं आहे. दुसरा अगदी जुन्या बंदरावर, गॅलरीतून बोटी दिसतात, पण तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन डिसेंबरात झालंय. ती आत्तापर्यंत निवांत होती, पण मिलिंदनं ट्रिपच्या शीटमध्ये स्टेशनच्या जिन्यापुढे "१०४ पायऱ्या" असं लाल रंगात लिहिलं ते तिनं वाचलं आणि आता म्हणतेय तुम्ही जा, मी घरी थांबते. बाबा म्हणतात पर्वतीला १०३ आहेत, इथं एकच जास्त, त्यात काय. (ते पर्वतीला शेवटचे कधी गेले ते विचारू नका.)
कुठला ठेवू?
श्वेता

---

मिलिंद, ६.३२

श्वेता, ट्रिपचे मेल ट्रिपच्या लिस्टवर टाकायचे ठरलं होतं ना? इथं शंभर लोक आहेत, त्यातले ऐंशी येत नाहीयेत. आणि लाल रंग मी "लक्ष द्या" या अर्थानं वापरलाय, घाबरवायला नाही, टॅब ३ मध्ये खाली तसं लिहिलंय पण तिथपर्यंत कुणी जात नाही.
आपली थेट टीजीव्ही (फ्रेंच फास्ट ट्रेन) दुपारी दोनच्या सुमारास निघते आणि आठएक तास घेते, म्हणजे पोचेपर्यंत रात्रच. त्या वेळी सहा जण, चार मोठ्या बॅगा आणि तो जिना. माझं मत जुनं बंदर. मेट्रो वन, दोनच स्टॉप.

---

अनघा, ६.४०

आणि मंडळाचा पाच लिटरचा कुकर कुणाकडे आहे? कोजागिरीनंतर दिसलेला नाही. किचनवाला फ्लॅट घेणाऱ्यांनी घेऊन जावा म्हणजे निदान कुठे आहे ते कळेल.

---

नंदाताई, ७.०५

अगं श्वेता, मिलिंदचं ऐकू नकोस (मिलिंद, रागवू नकोस). साधा हिशोब आहे. स्टेशनचा जिना आईंना चढायचाच नाहीये. स्टेशन टेकाडावर आहे, जिना समोरच्या तोंडाला आहे, टॅक्सी वरूनच मिळते, ती वळसा घालून खाली आणते. दिवसातनं दोनदा-तीनदा चढायचा असतो तो घराचा जिना, आणि तू म्हणतेस तिसरा मजला. आपल्या बाजूच्या लोकांना दुपारी घरी येऊन पडायची सवय असते, म्हणजे सकाळी खाली, दुपारी वर, चहानंतर खाली, रात्री परत वर. मोजून बघ, चार दिवसांत किती पर्वत्या होतात त्या.
आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो तेव्हा हीच चूक केली. गॅलरी सुंदर होती, बोटीही सुंदर होत्या, पण सासूबाई त्या गॅलरीत चार दिवस बसून राहिल्या आणि भारतात गेल्यावर सगळ्यांना सांगितलं की फ्रान्समध्ये बोटी असतात.
नंदा

---

विद्याधरकाका, ७.४८

चि. श्वेता,
पर्वतीच्या पायऱ्या १०३ हे तुझ्या वडिलांचं बरोबर आहे, मी लहानपणी रोज मोजत जात असे, पण तुलना चुकीची आहे कारण पर्वतीच्या पायऱ्या पसरट आणि उतरत्या आहेत, एका पायरीवर दोन-तीन पावलं पडतात आणि माणूस दमत नाही, सेंट शार्लचा जिना हा आपल्या नेहमीच्या जिन्यासारखा आहे, मध्ये मध्ये सपाट टप्पे आहेत खरे आणि तिथं टेकायला कठडेही आहेत. स्टेशन १८४८ चं, जिना १९२० च्या दशकातला, वसाहतींची मस्ती अंगात असतानाचा, त्यामुळे पायथ्याशी दोन बायकांचे पुतळे आडवे पहुडलेले आहेत, एक आशियातल्या वसाहती आणि एक आफ्रिकेतल्या. खाली गेलात तर आशियाच्या बाईकडे जरूर बघा, मग वर चढायची गरज नाही.
आम्ही ऐंशीच्या दशकात गेलो तेव्हा थेट गाडी वगैरे नव्हती, ही अलीकडची, २०१२ ची. तेव्हा आम्ही लियोंला रात्र काढली आणि

(फोनवरून लिहितोय, बाकीचं नंतर)

---

प्रसाद, ७.५५

पायऱ्या राहूदेत, खाण्याचं कोण बघतंय? जुन्या बंदरावर सकाळी मासेवाल्या बसतात, थेट बोटीतनं आलेलं. मी कोळंबीसाठी गेलो आणि रास्कास घेऊन आलो, दिसायला भयंकर काटेरी, पण त्याचं तिखलं काय झालं म्हणून सांगू. तो बुयाबेस बुयाबेस म्हणतात तो माशांचा रस्सा याच माशाचा, त्याची म्हणे सनदच आहे १९८० ची, त्यात ठरावीक यादीतले किमान चार प्रकारचे मासे पडलेच पाहिजेत. आणि त्याचे ते घेतात ते पैसे! आमच्या आयेनं ऐकलं तर ती म्हणेल, चार मासे एकत्र घालून रस्सा करायला सनद कशाला व्हयी? केशर आणि बडीशेप घालतात त्यात, कोकम नाही, काय नाही.
तेव्हा जुनं बंदर. किचन पाहिजेच. कुकर नको, कढई.

---

श्वेता, ८.०२

प्रसाद, सासूबाई अंडंही खात नाहीत रे.

---

नंदाताई, ८.११

मग पानिस शोधा. चण्याचं पीठ पाण्यात शिजवून थापतात, गार झालं की कापून तळतात. म्हणजे आपली पाटवडीच, फक्त हळद-हिंग-मोहरी काही नाही, मीठ आणि मिरपूड. मार्सेलच्याच लेस्ताक भागात बंदरावरच्या टपऱ्यांवर कागदात गुंडाळून देतात, गरम असतानाच खायचं, गार झालं की साबण लागतो. मी पर्समध्ये मेतकूट आणि चटणीची पुडी ठेवते, वरनं भुरभुरवली की सासूबाईंचा चेहरा बदलतो. तेल कशाचं आणि त्याच तेलात मासे तळतात का हे मात्र विचारून घ्या, विचारायला लाजू नका.
भाजी-मसाल्याला नोआयचा बाजार, जुन्या बंदरापासनं चालत पाच-सात मिनिटं. उत्तर आफ्रिकेच्या लोकांची दुकानं, कोथिंबिरीच्या जुड्या, पुदिना, जिरं, धने, सगळं मिळतं. इथनं पिशव्या भरून नेऊ नका.

---

केदार, ८.२०

मंडळी, मार्सेलला चाललोय आणि एवढ्या मेलमध्ये एकानंही ८ जुलै १९१० चा उल्लेख केला नाही? सावरकरांनी मोरिया बोटीच्या शौचकुपाच्या खिडकीतून उडी मारली ते हे बंदर. पोहत धक्क्याला लागले, फ्रेंच पोलिसानं धरून परत बोटीवर दिलं, फ्रेंच भूमीवर पकडलं म्हणून हेगच्या लवादापुढे खटला गेला आणि १९११ ला निकाल ब्रिटनच्या बाजूनं लागला. शनिवारची सकाळ यासाठी ठेवावी असा माझा ठराव आहे.

---

मिलिंद, ८.२६

केदार, लिस्टवर राजकारण नको हे लिहून ठरलंय. अ‍ॅमस्टरडॅमच्या ट्रिपला बसमध्ये काय झालं ते सगळ्यांना आठवतंय. आणि शनिवारी सकाळी शातो दीफ (बेटावरचा किल्ला) आहे, टॅब ४.

---

केदार, ८.२९

इतिहास म्हणजे राजकारण नव्हे. ज्याला वाद घालायचाय त्यानं घालावा, मी फक्त बंदर बघायचं म्हणतोय.

---

अनघा, ८.३५

शातो दीफचं एवढं पक्कं धरू नका. मिस्त्राल (तिकडचा जोराचा वारा) सुटला की त्या बेटावर बोट लागतच नाही, मग शेजारच्या फ्रियुल बेटांवर सोडतात किंवा सगळंच रद्द. आम्ही तिकिटं काढून धक्क्यावर उभे, ऊन लख्ख, आकाश निळंशार, आणि खिडकीवरची बाई म्हणतेय आज नाही. आमच्या ह्यांना पटेना, म्हणाले पाऊस ना पाणी, बोट का नाही. मग टोपी उडून पाण्यात गेली तेव्हा पटलं. जंजिऱ्याला पावसाळ्यात होड्या बंद असतात तसं समजा, फक्त इथं कुठल्याही ऋतूत. शनिवारची तिकिटं शनिवारी सकाळीच वारा बघून काढा.
कुकरचं कुणी सांगितलं नाही.

---

श्वेता, ८.४१

बरं हे सगळं ठीक आहे पण फ्लॅट??
आणि अजून एक, आई-बाबांचा व्हिसा सिंगल एंट्री आहे, जर्मनीचा. आत्ता कुणीतरी फोनवर सांगितलं की फ्रान्सला गेले तर परत जर्मनीत येता येणार नाही. बाबा आता बॅग उघडून बसलेत.

---

मिलिंद, ८.५०

बंद करायला सांग ती बॅग. एंट्री शेंगेनमध्ये (सामायिक व्हिसाच्या युरोपीय देशांत मिळून) मोजतात, एकेका देशात नाही. भारतातून फ्रँकफुर्टला उतरले तीच एंट्री, फ्रान्सला जाऊन आले तरी ते आतच आहेत. तुर्कस्तानला किंवा लंडनला गेले असते तर बाहेर पडले असते, आणि सिंगल एंट्रीवर परत आत येता आलं नसतं. लोक ऐकीव सांगतात.
पण ओरिजिनल पासपोर्ट जवळ पाहिजेत, फोटो नाही, झेरॉक्स नाही. सप्टेंबर २०२४ पासनं जर्मनीनं फ्रान्सच्या सीमेवरही तपासणी लावलीय, परतीच्या गाडीत पोलीस चढतात. इन्शुरन्सचा कागद पण ठेवा.

---

नंदाताई, ९.०४

पासपोर्टवरनं आठवलं, आमच्या शेजारच्या डब्यात एक मराठी काका होते (मंडळातले नव्हते), पोलीस आले तर पासपोर्ट बॅगेत, बॅग वरती, बॅगेवर दुसऱ्याची बॅग, आणि पासपोर्ट त्या बॅगेत थेपल्यांच्या डब्याखाली. पोलीस बिचारा तरुण, डबा हातात धरून उभा. काकूंनी त्याला थेपला दिला. तो घेईना, काकू सोडेनात.
गळ्यात घालायची पिशवी शिवून द्या चौघांना, मी जुन्या साडीच्या शिवल्यात, हव्या असतील तर सांगा. आणि काही हरवलंच तर मार्सेलला आता आपलं कॉन्सुलेट आहे, फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडलं, पॅरिसला धावायला नको.

---

केदार, ९.१२

श्वेता, राजकारण बाजूला ठेवून प्रॅक्टिकल सांगतो. ज्योलिएत भागात बघ. बंदराच्या त्या बाजूला गेल्या पंचवीस वर्षांत सगळं नवीन बांधलंय, त्यामुळे बिल्डिंगला लिफ्ट असते. सेंट शार्लहून मेट्रो टू, दोनच स्टॉप. ट्रामही दारात आहे, ट्रामला चढ-उतार नाही, आईंना बरं. तिथनं मुसेम म्युझियमपर्यंत सपाट रस्ता, पुलावरनं सें जां किल्ल्यात जाता येतं, आत तटावर फिरायला तिकीट नाही. तटावर उभं राहिलं की बंदराचं तोंड, मोठ्या बोटी, सगळं समोर. तुझे बाबा बसायला एक बाक बघतील, मी त्यांना १९१० चं सांगेन, पंधरा मिनिटं.

---

मिलिंद, ९.१५

पंधरा मिनिटं म्हणे.

---

नंदाताई, ९.२२

हे मात्र केदारचं पटलं. ज्योलिएत बघ. जुन्या बंदराची हौस असेल तर संध्याकाळी ट्रामनं ये. बंदराच्या टोकाला आरशाचं मोठं छप्पर आहे, २०१३ चं, त्याखाली उभं राहिलं की माणसं वर उलटी लटकलेली दिसतात. आमच्या सासूबाई एकदाच खाली उतरल्या त्या यासाठी, वर बघून पदर सारखा करत होत्या, कळेचना कुठल्या बाजूनं ओढायचा.
आणि या काठावरनं त्या काठावर जायची छोटी बोट आहे, तीन-चार मिनिटांची, आईंना बोटीत बसल्याचं समाधान, वाऱ्याची भीती कमी.
नोत्र दाम द ला गार्दला (टेकडीवरचं चर्च) पायी नको, ६० नंबरची बस किंवा ती टुरिस्टांची छोटी ट्रेन. वर पोचल्यावरही पायऱ्या आहेत थोड्या, तेवढं आधी सांगून ठेव. तिथले लोक त्या देवीला चांगली आई म्हणतात, सासूबाईंनी हात जोडले आणि खण आणायला हवा होता म्हणाल्या.

---

श्वेता, १०.३७

मिळाला! ज्योलिएतला, दोन बेडरूम आणि हॉलमध्ये सोफा बेड, पाचवा मजला, लिफ्ट आहे, फोटोत लिफ्टचा पण फोटो आहे (आईनं झूम करून बघितला). गॅलरीतून बोटी नाही, समोरची बिल्डिंग दिसते. दोन्ही जुने कॅन्सल केले. रात्री स्टेशनवरनं दोन टॅक्स्या करू, मेट्रोच्या भानगडीत नाही पडत बॅगा घेऊन.
आई आता म्हणतेय की बिना पायऱ्यांचं बघायचं काय आहे मग तिथे.
नंदाताई, चार पिशव्या हव्यात. थँक्यू सगळ्यांना!

---

विद्याधरकाका, ११.२०

मघाशी मेल अर्धवट गेला. लियोंला रात्र काढली आणि सकाळच्या गाडीनं मार्सेल, तेव्हा जिना उतरताना आमच्या सौ.नी मध्येच बसकण मारली आणि तिथंच डबा सोडला, दशम्या आणि लसणाची चटणी, समोर सगळं शहर आणि लांब टेकडीवर ती सोनेरी देवी. चढताना नाही, उतरताना. म्हणून म्हणतो, श्वेता, पायथ्याचाच फ्लॅट घे, टॅक्सीनं वर जा आणि रोज एकदा सावकाश उतरा.

---

मिलिंद, ११.२४

काका, बुकिंग झालं.

---

अनघा, मंगळवार, सकाळी ७.०२

कुकर सापडला, आमच्याच तळघरात होता. शिट्टी नाहीये त्याची. शिट्टी कुणाकडे आहे?