मायकीसारखा म्होरक्या असलेली ॲनिमे सुचवा (सोबत १५ वर्षांचा भाऊ आहे)

महालचा_पोट्टा
टोकियो रिव्हेंजर्स, म्हणजे शाळकरी पोरांच्या टोळ्यांची ॲनिमे; मायकी त्यातल्या टोळीचा म्होरक्या. तिचे तिन्ही सीझन मी आणि माझ्या मामेभावानं या उन्हाळ्यात संपवले. दुपारी बाहेर पाय ठेवता येत नाही, कूलरसमोर बसून पाहात होतो. मागच्या वर्षी मामा गेले. तेव्हापासून पोरगा घरात फारसा बोलत नाही, पण मायकीचा विषय निघाला की तासभर बोलून राहिला. भावाच्या मरणाचं मायकी कोणाजवळच बोलत नाही, हे त्यानंच मला दाखवलं.

आता असंच आणखी काही पाहिजे. टोळीचा मुख्य कमी वयाचा, आतून मोडलेला, आणि त्याचं दुःख मालिकेनं खरं मानलेलं. नुसती हाणामारी नको. त्याच्यासोबत बसूनच पाहणार आहे.

कॉटनमार्केट
९१ डेज. २०१६ ची, १२ भाग, अमेरिकेतल्या दारूबंदीचा काळ. लहानपणी घरचे सगळे मारले गेले, तो एंजेलो सात वर्षांनी खोटं नाव घेऊन त्याच माफिया घराण्यात शिरतो आणि डॉनच्या पोराचा, नेरोचा, दोस्त होतो. जबरदस्त आहे.

धरमपेठेची_मावशी
कॉटनमार्केट दादा, मालिका चांगली आहे, पण या पोराला आत्ता नका देऊ. एंजेलोजवळ सूड सोडून काहीच उरत नाही, आणि जो त्याला जीव लावतो त्यालाच तो फसवत असतो.

पोट्टा, तू मायकी शोधतो आहेस. मी म्हणते, ड्रॅकन शोध, मायकीचा उजवा हात. मायकी १५ वर्षांचा, एवढ्या मोठ्या टोळीचा म्होरक्या, आणि मुलांच्या थाळीवर झेंडा नाही म्हणून रुसतो. तो झेंडा ड्रॅकन खिशात घेऊन फिरतो. दवाखान्यातला प्रसंग आठवतो का? मार खाल्लेल्या मुलीचे आईवडील ओरडतात, मायकी उलट बोलतो, आणि ड्रॅकन कमरेत वाकून माफी मागतो, मायकीलाही वाकायला लावतो. मी तो भाग दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा रडले. असा माणूस शेजारी उरला नाही की मायकीचं काय होतं, तेही मालिकेनं दाखवलंय. भविष्यकाळात, मनिलात तो मालिकेच्या नायकाला, ताकेमिचीला, म्हणतो, मला मारून टाक. म्हणून पुढची मालिका निवडताना म्होरक्याच्या शेजारी कोण उभं आहे ते पाहा.

माझं मत बंगो स्ट्रे डॉग्जला. पहिल्या सीझनचे १२ भाग आधी पाहा, त्यात दाझाई नावाचा गुप्तहेर नुसता हसरा वाटतो. दुसऱ्या सीझनचे पहिले चार भाग मागच्या काळात जातात: १८ वर्षांचा दाझाई, पोर्ट माफिया नावाच्या टोळीत वरच्या पदावर, आणि जगायची इच्छाच नसलेला. त्याला ओदा नावाचा दोस्त आहे, माफियात राहूनही कोणाला मारत नाही. मरताना तो दाझाईला सांगतो, लोकांना वाचवणाऱ्यांच्या बाजूनं उभा राहा. दाझाई माफिया सोडतो. फक्त, दाझाई आत्महत्येच्या गोष्टी हसतहसत बोलतो. तिथं टीव्ही थांबवायचा आणि पोराशी बोलायचं, पुढं ढकलायचं नाही.

रातराणी_सदर
बनाना फिश कोणीच कसं नाही सांगितलं? २०१८, २४ भाग. न्यूयॉर्कमधला १७ वर्षांचा टोळीचा म्होरक्या ॲश लिंक्स, आणि शेजारी त्याचा जपानी दोस्त एइजी.

धरमपेठेची_मावशी
माझी सर्वांत लाडकी तीच आहे ताई. पण ॲशवर लहानपणापासून झालेले लैंगिक अत्याचार त्या गोष्टीच्या मुळाशीच आहेत. १८ च्या आधी नको.

महालचा_पोट्टा
मावशी, ड्रॅकनचं हे माझ्या डोक्यातच नव्हतं आलं. बंगो सुरू करतो. आणखी एक. मायकीच्या टोळीच्या, टोमानच्या, झेंड्यावर स्वस्तिकासारखं चिन्ह आहे, ते काही ठिकाणी झाकून दाखवतात. भाऊ विचारून राहिला, काहून?

इंदोरा_१०
ते मांजी, बौद्ध चिन्ह. जपानच्या नकाशात देवळाची खूण म्हणून तेच छापतात. पश्चिमेकडे ते नाझींचं वाटतं म्हणून झाकतात. पोराला कामठीच्या ड्रॅगन पॅलेस बुद्धविहारात ने. जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीनं बांधलं, १९९९ मध्ये खुलं झालं. आत कोणी बोलत नाही. माझे बाबा गेले त्या वर्षी मी दर रविवारी तिथं जाऊन बसत होतो.

महालचा_पोट्टा
दादा, या रविवारी सकाळी गाडीवर घेऊन जातो त्याला. रात्री बंगोचा पहिला भाग. मामीलाही सोबत बसवतो.